एका वहीत दोन ईदी

वर्षाचा आढावा घेताना कापडवाल्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2024 ची रमजान ईद 11 एप्रिलला, 2025 ची 31 मार्चला झाली. म्हणजे 2024-25 च्या वहीत एक पूर्ण ईद आणि दुसरीचे ऐन गर्दीचे दिवस आले. 2025-26 च्या वाट्याला एकच. विक्री घटलेली पाहून घाबरून माल कमी उचलला तर सीझन हातचा जाईल.

तेव्हा मार्चशी मार्च नव्हे, रमजानशी रमजान ताडावा. जकातीचा कागद इथे कामी येतो. वहीत माल खरेदीच्या भावाने असतो, जकातीला आजच्या बाजारभावाने. पडून राहिलेले तागे तिथे लपत नाहीत. बुडीत उधारीही नाही!

2027 ची ईद 10 मार्चच्या आसपास येईल. सुरत-भिवंडीच्या ऑर्डरी त्या मानाने आधी द्याव्यात.