पाईप लावून बोल्ट निघत नाही, तुटतो

"पान्याला दोन फुटांचा पाईप लाव, झक मारत निघतो." हिंगोलीपासून वसमतपर्यंत कुणीही घरच्या शेडमध्ये जीपचं बोनेट उघडून बसला, की हा सल्ला फुकट मिळतो. देणारा बहुधा शेजारी असतो, आणि बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं की त्याला हमखास घरी काम आठवतं.

या सल्ल्याचं एकदा गणित मांडू. वॉटर पंप, थर्मोस्टॅट हाउसिंग, मॅनिफोल्ड इथले बरेच बोल्ट ८ मिलिमीटरचे असतात, म्हणजे बारा किंवा तेरा नंबरचा पाना लागणारे. असा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल, तर 'आयएसओ ८९८-७' या मानकानुसार त्यानं किमान ३३ न्यूटन-मीटर पीळ सोसला पाहिजे. त्यापुढची हमी मानकही देत नाही. आता दोन फुटांचा पाईप लावून वीस किलोची ओढ दिली, तर पीळ होतो सव्वाशेच्या आसपास. ३३ गाठायला सहा किलोची ओढ पुरते, तेवढी शाळकरी पोरगंही देईल. पाईपच्या टोकाला हाताला काही जाणवत नाही. "आला, आला" वाटतं तेव्हा बोल्ट सुटत नसतो, पिळवटत असतो.

"पण ट्रकच्या चाकाचे नट तर पाईपनंच निघतात!" निघतात, कारण ते स्टड जाड असतात आणि तो पीळ सोसायलाच बनवलेले असतात. इंजिनावरच्या बोटभर बोल्टाला तो न्याय लावू नका.

बोल्ट अडकतो कशानं, हे आधी बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट ठासून भरते. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा असेल, तर ओल मिळताच ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. ही पकड फोडायची, तर आट्यांना हलवावं लागतं. नुसत्या पिळानं बोल्टाची दांडी आधी हार मानते.

म्हणून क्रम असा. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा. आत झिरपणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ, नेमके ठोके द्या. त्या धक्क्यानं गंजाला चिरा जातात आणि तेलाला वाट मिळते. सहा कोनी बॉक्सच वापरा. बारा कोनी बॉक्स गंजलेलं डोकं गोल करतो. आधी किंचित आवळा, मग सोडवा. पाव फेरा पुढे, पाव मागे, पुन्हा तेल. तरीही हलत नसेल तर बोल्टाभोवतीचा भाग तापवा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून भोक मोकळं होतं. मात्र हीट गनच वापरा, आणि आधी तेल पुसून घ्या, नाहीतर भडका उडेल. गॅसची ज्योत नको: ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि स्टीलसारखं लाल होऊन इशारा देत नाही.

आता असेच बाकीचे सल्ले, थोडक्यात.

"डब्ल्यूडी-४० म्हणजेच गंज सोडवायचं तेल." १९५३ मध्ये अमेरिकेत ते पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं, जाम बोल्टांसाठी तीच कंपनी वेगळं पेनेट्रंट विकते.

"डिझेल टाकलं की झालं." काही नसण्यापेक्षा बरं, पण रात्रभर मुरू द्या, पाच मिनिटांत चमत्कार होत नाही.

"आपल्याकडे कोकणासारखा पाऊस नाही, गंज कुठून येणार?" रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी कोण ओततं? वॉटर पंपाचे बोल्ट आतून सडतात ते त्यामुळे.

"स्पार्क प्लग गरम इंजिनातच काढावा." उलट आहे: तापलेलं ॲल्युमिनियम मऊ असतं, प्लगबरोबर हेडचे आटेही येतात. इंजिन थंड होऊ द्या. डिझेलचा ग्लो प्लग मात्र कोमट इंजिनात काढायचा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

"प्लगला ग्रीस लावून बसवला की पुढच्या वेळी सहज निघतो." एनजीकेसारखे निर्माते आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका असंच सांगतात. घर्षण घटतं, त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो आणि त्याचे आटे ताणून तुटू शकतात.

"तुटला तर इझी-आउट आहेच." इझी-आउट, म्हणजे तुटलेला तुकडा काढायचं हत्यार, कडक आणि ठिसूळ असतं. ते भोकात तुटलं, तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

"हेडचे बोल्ट तेच परत चालतात." बऱ्याच इंजिनांत ते एकदाच ताणायचे असतात, मॅन्युअल बघा.

बोल्ट तुटलाच, तर थांबा. दांडी थोडी वर उरली असेल, तर वेल्डरकडून तिच्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला विसरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं आटे ढिले होतात आणि पाना धरायला नवं डोकं मिळतं, म्हणून तुकडा बहुधा पान्यानंच निघतो. दांडी आत गेली असेल, तर हेड लेथवाल्याकडे न्या. दोन्हींचा खर्च नव्या हेडपेक्षा पुष्कळ कमी. शेजाऱ्याचा पाईप मात्र परत करा, आणि त्याला तेलाची बाटली धरायला बसवा.