अमावस्या बघून निघा भंडारदऱ्याला!

या सुट्टीत तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचं, असं पाथर्डीत कुणापुढे म्हणून बघा. पहिला प्रश्न येईल, "तळं आणायचं कुठून?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पावसाळाभर मिळून पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. पण आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर आणि रतनवाडी नावाची गावं आहेत. तिथे वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जवळजवळ दसपट! जिल्हा एकच, मग एवढा फरक कसा?

अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांना सह्याद्री आडवा येतो. पुढे जायचं तर त्या हवेला डोंगर चढावाच लागतो. हवा वर गेली की पसरते, पसरली की थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. घाटमाथ्यावर बरंचसं पाणी टाकून ती हवा पलीकडे उतरते, आणि उतरताना तापून कोरडी होत जाते. पाथर्डी त्या उताराच्याही पार पुढे आहे. भूगोलाच्या पुस्तकातला 'पर्जन्यछाया' हा शब्द आठवा. ती छाया आपल्या घरावर पडलेली आहे.

घाटघर-रतनवाडीला पडलेलं पाणी जिथे साठतं, ते भंडारदरा. आपल्या सहलीचं ठिकाण तेच. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर १९१० साली हे दगडी धरण बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये ते पुरं झालं. उंची ८२ मीटर. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं, आणि मागच्या तळ्याला आर्थर लेक म्हणू लागले. बातम्यांत 'टीएमसी' ऐकता ना? एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घ्या. तिच्यात साधारण २८ लिटर पाणी मावतं. अशा शंभर कोटी पेट्या म्हणजे १ टीएमसी. भंडारदरा पूर्ण भरलं की त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी असतं.

आता खरी गंमत. या तळ्याचं पाणी तुम्ही बहुधा आधीच प्यायला आहात! प्रवरा भंडारदऱ्याहून निघते, निळवंडे धरणात थांबते, अकोले, संगमनेर, कोल्हार करत नेवाशाला येते. होय, ज्ञानेश्वरी जिथे लिहिली गेली तेच नेवासं. पुढे प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते आणि दोघी मिळून पैठणच्या जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात जातात. पाथर्डीच्या नळाला येणारं पाणी त्याच नाथसागरातून उचललेलं असतं. तुमच्या तांब्यातला एखादा घोट रतनगडाच्या कड्यावरून घसरलेला असू शकतो. मग तो निघाला कुठून, ते बघायला नको?

तर चला, बेत आखू. बेत आखताना बहुतेक लोक आधी गाडी बघतात, मग जेवण, मग तारीख. आपण उलटं करू. आधी तारीख, कारण ती आपण ठरवायची नाहीच. ती एक किडा ठरवणार आहे.

मे महिना संपत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की भंडारदऱ्याच्या रानात काजवे चमकू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर हजारोंनी काजवे बसतात. मग एक नवलच घडतं. सुरुवातीला जो तो आपापल्या लयीत लुकलुकत असतो. थोड्या वेळानं शेजारच्यांचा ताल जुळतो, त्यांच्या शेजारच्यांचाही जुळतो, आणि बघता बघता अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. पुन्हा पेटतं, पुन्हा विझतं. त्या काळोखात कुणी हुकूम देत नसतं. प्रत्येक काजवा फक्त जवळच्यांकडे बघून आपला ताल सांभाळतो, तेवढ्यावर झाडभर लय जुळते!

हा उजेड येतो कुठून? काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश निघतो. ल्युसिफेरेज नावाचं विकर ही क्रिया घडवून आणतं, आणि त्यासाठी लागणारी शक्ती एटीपी या रेणूकडून येते. तोच एटीपी, जो या क्षणी तुमच्याही पेशीपेशीत कामाला जुंपलेला आहे. आपल्या आजोबांच्या काळातला पिवळा बल्ब आठवून बघा. त्याला हात लावला तर भाजायचं, कारण बरीचशी वीज तापण्यातच वाया जायची. काजव्याचा दिवा मात्र थंडगार असतो. प्रयोगशाळांनी ही युक्ती उचलली आहे. एखाद्या भांड्यावर जंतू उरलेत का, हे बघायला काजव्याचं ल्युसिफेरेज वापरतात. जंतू असतील तर त्यांच्यात एटीपी असणार, आणि एटीपी असेल तर नमुना चमकणार.

चमकणं हे नर-मादीचं बोलणं आहे. नर खूण करतो, मादी उत्तर देते. बोलायला वेळ अगदी थोडा असतो. काजव्याची अळी कितीतरी महिने पालापाचोळ्यात, ओल्या मातीत राहते आणि गोगलगाई खाऊन वाढते. पंख फुटल्यावर मात्र हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. मोठा पाऊस सुरू झाला की हा सोहळा संपतो.

म्हणून तारखेचं गणित असं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस धरा, कारण त्यानंतर पाऊस आणि शाळा दोन्ही सुरू होतात. आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्या दिवसांत अमावस्या कधी आहे ते शोधा. चांदण्यात काजवे फिके दिसतात, त्यामुळे काळोख हवा. पण अमावस्येचीच रात्र गाठली पाहिजे असं नाही. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि नंतर रोज आणखी उशिरा. म्हणजे अष्टमीपासून अमावस्येपर्यंत संध्याकाळ काळोखीच असते. अमावस्येनंतरही दोन-तीन दिवस चंद्रकोर लवकर मावळते. या दिवसांतल्या दोन रात्री निवडा. एकाच रात्रीचा बेत करू नका. त्या रात्री पाऊस आला तर हात हलवत परतावं लागेल.

रस्ता लांब आहे, सुमारे दोनशे किलोमीटर. तिसगाव, करंजी घाट, अहिल्यानगर, राहुरी, कोल्हार. कोल्हारच्या पुलावर खिडकीतून खाली बघा, ती प्रवरा. इथून पुढे लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता साधारण तिच्याच काठानं, तिच्या उलट दिशेनं चढत जातो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसेल. भंडारदऱ्याच्या कालव्यांनी हा पट्टा हिरवा केला, आणि याच पट्ट्यात, लोणीजवळ प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला.

उसाचं नाव निघालं म्हणून सांगते. पाथर्डीतली कितीतरी मुलं दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याजवळ कोपीत राहतात. तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर सहलीचा प्रमुख त्याला किंवा तिलाच करा. मी हे मनापासून म्हणते आहे. कोपी खोलगट जागी उभारायची नाही, वारा कुठून येतो ते बघून दार ठेवायचं, दावण कुठे, चूल कुठे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तंबूचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. विकतच्या तंबूबरोबर मिळणाऱ्या कागदात यातलं निम्मंही नसतं.

तंबूची जागा निवडताना एक प्रयोग करा. तळ्याकाठी दुपारी चार वाजता उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघा. पहाटे पाचला पुन्हा लावा. उन्हात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला तळ्यावरची हवा काठाकडे येते. रात्री जमीन लवकर निवते, आणि डोंगरउतारावरची थंड, जड हवा तळ्याकडे घसरते. म्हणजे दुपारचा धूर एकीकडे आणि पहाटेचा दुसरीकडे जायला हवा. पावसाळी वारे जोरात सुटले असतील तर मात्र ते या छोट्या वाऱ्यांना गप्प करतात, आणि धूर दोन्ही वेळा पूर्वेकडेच जाईल. तसं झालं, तर समजा मोसमी पाऊस दाराशी आला आहे.

जूनच्या सुरुवातीला तळं बरंच आटलेलं असतं. काठाची उघडी पडलेली जमीन सपाट आणि मऊ दिसते, तंबूला अगदी छान! तिथे जायचं नाही. तो गाळ आहे, वरून सुकलेला आणि आत ओला. पाण्यातही उतरायचं नाही. भंडारदऱ्याचं तळं म्हणजे पाण्यानं भरलेली दरी आहे. दरीचे उतार पाण्याखालीही तसेच आहेत, त्यामुळे दोन पावलांवर पाणी एकदम खोल होतं. चांगलं पोहता येणाऱ्यांनीही पाणी काठावरूनच बघावं.

दुसरी काळजी विजेची. वळवाच्या ढगांत ती हमखास असते. वीज चमकली की सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. चमकल्यावर नऊ सेकंदांनी गडगडलं, तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, की सगळं टाकून पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत जायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही आणि झाड तर मुळीच नाही. म्हणून तंबू गावाजवळ ठोका. शेंडी, मुरशेत अशा गावांत स्थानिक लोक तळ्याकाठी तंबूंची सोय करतात, त्यांच्याकडेच राहा. गरम पिठलं-भाकरी मिळेल, आणि कोणत्या झाडावर काल काजवे होते ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. रात्री खाऊ तंबूत उघडा ठेवू नका आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घाला.

आणखी एक. हे सगळं रान १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच रानात येतं. राज्यप्राणी शेकरूही इथे राहतो. त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि काजव्यांच्या दिवसांतले नियम आधी फोन करून विचारावे लागतात. नियम कशाला, असं मोठी माणसं कुरकुरतील. त्यांना हे सांगा. काजव्याची खूण मादीला दिसली नाही, तर उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही तर अंडी नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्या झाडावर काजवे नाहीत. गाडीचा एक झोत, मोबाइलचा एक फ्लॅश त्यांचं बोलणं तोडतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातही असेच एका तालात चमकणारे काजवे आहेत. तिथे त्या दिवसांत सोडत काढून मोजक्याच गाड्यांना आत सोडतात आणि टॉर्चवर रंगीत पारदर्शक कागद लावायला सांगतात. आपल्याकडे शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. मला वाटतं, सोडत इथेही हवी.

ती होईल तेव्हा होईल. तुम्ही निघताना लाल जिलेटीन कागदाचे दोन थर टॉर्चच्या काचेवर रबरबँडनं बसवा. लाल उजेड काजव्यांच्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही, आणि तुम्हाला पायवाट मात्र दिसते. काजवे बाटलीत भरू नका, फांदी हलवू नका, झाडाखालच्या पाचोळ्यात धावू नका. तिथे माद्या असतात आणि पुढच्या वर्षांचे काजवेही.

बरोबर वही, घड्याळ आणि तापमापक घ्या. काजव्यांचं एक झाड निवडा, एका मिनिटात ते किती वेळा चमकतं ते मोजा आणि शेजारी हवेचं तापमान लिहा. दोन तासांनी पुन्हा मोजा. हवा गार झाली की काजव्यांचा ताल मंदावतो असं शास्त्रज्ञांना दिसलं आहे. भंडारदऱ्याच्या तुमच्या झाडावर तो किती मंदावला, ते तारीख, तिथी आणि झाडाच्या नावासकट आम्हाला पत्रानं कळवा.