सर्किटच्या नकाशासाठी सॉफ्टवेअर कोणते?

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात ‘निलिट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. पूर्वी सी.ई.डी.टी.आय. या नावाने ओळखली जाणारी ही संस्था इलेक्ट्रॉनिक्सची रचना शिकवते. या शिक्षणाची सुरुवात आता शाळेतल्या संगणकावरही करता येते. प्रश्न असा, की पी.सी.बी. आखण्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

आधी हे सॉफ्टवेअर काय करते ते पाहू. प्रथम सर्किटची आकृती काढायची. कोणता भाग कशाला जोडला आहे, एवढेच तिच्यात असते. मग प्रत्येक भागाची पाटीवरची जागा ठरवायची. उदाहरणार्थ, ५५५ टायमरच्या नेहमीच्या आय.सी.ला आठ पाय असतात. शेजारच्या दोन पायांत २.५४ मि.मी. अंतर असते. भोके याच मापाने पडायला हवीत. शेवटी तांब्याच्या वाटा आखायच्या. दोन वाटा चिकटल्या का, एखादी जोडणी राहिली का, हे सॉफ्टवेअर तपासते. तयार नकाशा ‘गर्बर’ फाइलींच्या रूपात कारखान्याकडे जातो.

एवढे तर बहुतेक सॉफ्टवेअर करतात. मग निवड कशी करावी? एक प्रश्न विचारावा: आजची आकृती विद्यार्थ्याला पाच वर्षांनी, स्वतःच्या संगणकावर उघडता येईल का?

‘ईगल’चे उदाहरण घ्या. १९८८ पासूनचे हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांमध्ये लोकप्रिय होते. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने घेतले. ७ जून २०२६ नंतर ते बंद करण्याचे कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केले. गर्बर फाइली जपून ठेवल्या तरी भागत नाही. त्यांत तांब्याचे आकार असतात, पण मूळ आकृती नसते.

‘किकॅड’ची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केले. ते मोफत आहे, त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे आणि त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात. एकदा संगणकावर घातले, की इंटरनेटशिवाय चालते. आय.आय.टी. मुंबईच्या ‘ईसिम’मध्येही किकॅडचा उपयोग केलेला आहे. सुरुवातीला ते थोडे अवघड वाटते, पण नवशिक्यांनी यापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

तरीही, कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, आधी एक चाचणी करा. ५५५ वापरून एल.ई.डी. उघडझाप करणारे सर्किट आखा. नकाशा खऱ्या मापात कागदावर छापा आणि आय.सी. त्यावर ठेवून पाहा. पाय ठिपक्यांवर बसतात का? मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून एक वाट बदला. दोन्ही जमले, तर वर्गात आणायला हरकत नाही.