परत न येणारी फंक्शनं

चिकन स्कीमचा कंपायलर स्कीममध्येच लिहिलेला आहे. स्कीम ही लिस्पच्या घराण्यातली भाषा. मग ज्या संगणकावर स्कीमचा पत्ताच नाही, तिथे हा कंपायलर उभा करायचा कसा? त्याचं उत्तर डाउनलोड केलेल्या गठ्ठ्यातच असतं. कंपायलरनं स्वतःलाच सी भाषेत उतरवून तयार केलेल्या फाइल्स त्यात सोबत दिलेल्या असतात. फाइल्स क्रमानं कंपाइल करवून घेणारं मेक हे साधन आणि सीचा कंपायलर एवढं असलं की काम भागतं. फेलिक्स विंकेलमन यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प मला लिस्पच्या जगातलं सर्वांत देखणं यंत्र वाटतो.

लिस्पचं सी करण्याची वाट त्याआधीच मळलेली होती. क्योटो विद्यापीठात ताइइची युआसा आणि मासामी हागिया यांनी १९८४ च्या सुमारास क्योटो कॉमन लिस्प घडवलं, तेही सीमध्येच उतरायचं. १९८९ मध्ये डेक कंपनीच्या प्रयोगशाळेत जोएल बार्टलेट यांनी स्कीमसाठी असाच कंपायलर केला. कारण सरळ आहे. प्रोसेसर कोणताही असो, त्याच्यासाठी सीचा कंपायलर बहुधा कोणीतरी आधीच लिहून, घासूनपुसून ठेवलेला असतो.

अडचण येते ती दोन भाषांच्या स्वभावात. सीमध्ये बोलावलेलं फंक्शन काम उरकून बोलावणाऱ्याकडे परत येणार, हे गृहीतच असतं. त्या परतीच्या वाटेची नोंद स्टॅकवर राहते. स्कीममध्ये मात्र लूपसुद्धा फंक्शननं स्वतःलाच बोलावून चालतो, आणि शेवटचं काम म्हणून केलेल्या अशा बोलावण्यानं मेमरी वाढत जाता कामा नये, असा त्या भाषेचा नियमच आहे. सी तशी हमी देत नाही. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं, तर काही लाख फेऱ्यांत स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळू शकतो. यावर नेहमीचा तोडगा असा: प्रत्येक फंक्शननं एका मधल्या फंक्शनकडे परत यायचं आणि त्यानं पुढच्याला बोलवायचं. हे चालतं, पण प्रत्येक बोलावण्याला त्याची किंमत मोजावी लागते.

हेन्री बेकर यांनी १९९४-९५ मध्ये वेगळंच सुचवलं: परत यायचंच नाही. चिकन याच कल्पनेवर उभं आहे.

पाचचं क्रमगुणित काढताना काय होतं ते पाहू. प्रत्येक फंक्शनला एक जादा आर्ग्युमेंट मिळतं, ‘उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचं’ हे सांगणारं. फंक्शनकडे ५ येतात. ते स्टॅकवर एक छोटी नोंद करतं: येईल त्या उत्तराला ५ नं गुणा आणि पुढच्याला द्या. मग ती नोंद हाती देऊन ते स्वतःलाच ४ साठी बोलावतं. असं करत शून्य आलं की १ हे उत्तर सगळ्यांत शेवटच्या नोंदीला दिलं जातं. तिथून १, २, ६, २४, १२०. यातलं एकही सी फंक्शन परत फिरलेलं नसतं. उत्तरसुद्धा पुढच्या फंक्शनला बोलावूनच पोचतं.

मग स्टॅक भरणार नाही का? भरतो, आणि तो भरावा अशीच योजना आहे. फंक्शनमध्ये शिरताच जागा उरली आहे का ते तपासलं जातं. नसली तर अजून लागणाऱ्या वस्तू तेवढ्या हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, हलवल्या जातात. त्यासाठी सी. जे. चेनी यांची १९७० ची कॉपी करण्याची पद्धत वापरतात. मग सीमधल्या लाँगजंप या थेट उडीनं प्रोग्रॅम स्टॅकच्या तळाशी येतो, सगळा स्टॅक मोकळा होतो आणि काम राहिलं तिथून सुरू होतं. बिऱ्हाड हलवताना कामाचं तेवढं टेम्पोत चढवावं आणि बाकीच्याकडे वळूनही बघू नये, तसं हे आहे. कचऱ्याला हातच लावायचा नसल्यानं तो कितीही असला तरी त्याचा खर्च नाही. बेकर यांनी ही कल्पना मांडणाऱ्या निबंधाला ‘चेनी ऑन द एमटीए’ असं नाव दिलं, ते बॉस्टनच्या भुयारी रेल्वेतून कधीच बाहेर न पडू शकलेल्या चार्लीच्या गाण्यावरून.

असं तयार झालेलं सी माणसानं वाचावं असं नसतंच. फंक्शनांची नावं म्हणजे नुसते क्रमांक. ३ हा आकडाही आत ७ म्हणून राहतो, कारण आकडा एक बिट डावीकडे सरकवून शेवटी १ लावलेला असतो. पत्त्यांच्या शेवटी ० असतो, त्यामुळे हा आकडा की मेमरीतला पत्ता हे एका बिटवरून कळतं.

याची किंमतही मोजावी लागते. मोठ्या प्रोग्रॅमचं सी कंपाइल व्हायला वेळ घेतं. चूक झाली की नेहमीच्या डीबगरमध्ये स्टॅक पाहून फारसं हाती लागत नाही, कारण कोणी कोणाला बोलावलं याची साखळी तिथे टिकलेलीच नसते. म्हणून चिकन अलीकडच्या बोलावण्यांची यादी वेगळी राखतं आणि चूक कळवणाऱ्या संदेशाखाली ‘कॉल हिस्टरी’ म्हणून छापतं. ती नवख्याला गोंधळात टाकते, कारण जी फंक्शनं आपलं काम उरकून केव्हाच मोकळी झाली, त्यांचीही नावं तिच्यात असतात. यादी वाचायची ती खालून वर: सर्वांत ताजं बोलावणं तळाशी असतं.