वाचकाला विचारायचे कसे?

आमच्या गावातल्या वाचनालयाचे वर्गणीदार काही वर्षांपासून घटत होते. गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे ठराव आला, की वाङ्मयीन मासिके बंद करावीत आणि त्या पैशांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके घ्यावीत. पुरावा म्हणून देवघेवीची नोंदवही टेबलावर होती. मासिके घरी फारसे कोणी नेत नाही, असे ती सांगत होती. मी विरोध केला. अध्यक्ष म्हणाले, "मग सर, तुम्हीच शोधून काढा आपले वाचक कोण ते." झाले, काम माझ्या गळ्यात पडले.

मी प्रश्नावली तयार केली आणि देवघेवीच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. महिन्याभरात बरीच उत्तरे आली; वाचून बरे वाटले. वाचनालय उत्तम, वेळ सोयीची, कर्मचारी तत्पर. 'काय वाचता?' या प्रश्नापुढे बहुतेकांनी चरित्रे आणि वैचारिक साहित्य लिहिले होते. काहींनी खाली नावे घातली होती, म्हणून सहज नोंदवही उघडली, तर त्याच मंडळींच्या खात्यावर रहस्यकथा! यात लबाडी नव्हती. आपण कोणते वाचक असावे असे वाटते, ते माणूस प्रश्नावलीत लिहितो. प्रत्यक्ष काय नेले, ते नोंदवहीत उमटते. दोन्ही कळणे उपयोगाचे, पण एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

मोठी चूक मात्र निराळी होती. ती लक्षात आली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकामुळे. 1916 पासून अध्यक्षपदाच्या निवडणुकांचे त्यांचे अंदाज बरोबर येत होते. 1936 साली त्यांनी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि लँडन जिंकणार असे त्यांनी छापले. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकले. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट यांचे नाव सांगितले होते. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे या वस्तू होत्या त्यांचे. शिवाय मतपत्रिका परत न पाठवणारे परत पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. 1938 मध्ये ते साप्ताहिकच बंद पडले. आकडा केवढा मोठा, याला अर्थ नव्हता. कोण निसटले, याला होता.

माझ्या गठ्ठ्यातून कोण निसटले होते? वाचनालयात न येणारे! आणि प्रश्न तर नेमका त्यांचाच होता. जो जिना चढून वर आला, त्यालाच मी विचारत होतो, 'तुम्ही का येत नाही?'

जिना हा शब्द मी उगाच लिहिला नाही. वर्गणी थांबवलेल्यांची यादी काढून मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. प्रश्नावली मुद्दाम पिशवीतच ठेवली. तिसऱ्या-चौथ्या घरी एक काकू म्हणाल्या, "अहो, वाचायला हवंच आहे हो. पण तुमचा तो जिना! गुडघ्यांनी संप पुकारलाय." पुढे हेच आणखी काही घरांत ऐकले. माझ्या प्रश्नांत पुस्तकांची निवड होती, वर्गणी होती, वेळ होती. जिना कुठेच नव्हता. जे आपल्याला सुचलेलेच नाही त्याचा पर्याय प्रश्नावलीत कसा असणार? त्यासाठी समोर बसून चहा घ्यावा लागतो आणि माणसाला भरकटू द्यावे लागते.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेचे 'रीडिंग द रोमान्स' (1984) हे पुस्तक इथे आठवते. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या एका छोट्या शहरातल्या स्त्रियांना तिने प्रश्नावल्या दिल्या, शिवाय त्यांच्याशी गटात आणि एकेकटीशी सविस्तर बोलली. ती कथानकाचा अर्थ विचारत होती; त्या सांगत होत्या वाचायला बसण्याविषयी. पुस्तक हातात असेतो घरातले कोणी काही मागत नाही, तो वेळ आपला, असे. अर्थात मुलाखतींनाही मर्यादा आहे. 'का' ते कळते, 'किती जण' ते नाही. गुडघ्यांची तक्रार किती घरांत आहे, हे मोजायला मला पुन्हा प्रश्नावलीकडेच जावे लागले. या वेळी यादीतल्या प्रत्येकाकडे, आणि चारच प्रश्नांची.

राहिली मासिके. नोंदवही खोटे बोलत नव्हती, पण मुक्तद्वार विभागात बसून वाचलेले तिच्यात चढतच नाही. मासिकांच्या पिना सुटलेल्या, कोपरे मऊ पडलेले, हे माझ्या नजरेसमोर होते. पण अंक कुणीतरी हाताळतो एवढेच त्यातून कळते. वाचतो कोण, की नुसता चाळतो? इथे विचारण्यापेक्षा बघणे बरे. मात्र मीच मासिकांच्या बाजूचा, तेव्हा मोजणी ठराव मांडणाऱ्या सभासदांनीही करावी, असे मी सुचवले. त्यांनी मान्य केले. आम्ही दोघे आळीपाळीने संध्याकाळी बसतो आणि आपापल्या वहीत वेगवेगळी नोंद करतो.

घरपोच पुस्तकांची पिशवी दर शनिवारी निघू लागली आहे. मासिकांचा ठराव कार्तिकातल्या बैठकीपर्यंत तहकूब आहे. दोन्ही वह्या त्याच दिवशी उघडायच्या.