छापण्याआधी वाचलं कोणी?

माझ्या कपाटात २०१३ सालची बाराशे रुपयांची एक पावती आहे. मी लिहिलेला शोधनिबंध छापून आला, त्याची. सोमवारी रात्री निबंध ईमेलने पाठवला, बुधवारी सकाळी ‘स्वीकारला’ असं उत्तर आलं आणि शुक्रवारी पैसे भरताच तो एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात झळकला. सड्यावरच्या वनस्पतींची साधी यादी होती ती. त्यातल्या गेंद नावाच्या एका वनस्पतीचं शास्त्रीय नाव मी चुकीचं लिहिलं होतं. ते आजही तसंच आहे, कारण मधल्या दीड दिवसात तो निबंध कोणी वाचलाच नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पेपर छापून आला की नातेवाईक विचारायचे, “मानधन किती मिळालं गं?” दिवाळी अंकात कथा आली तर थोडंफार मानधन मिळतं, संशोधकाला मात्र एक रुपयाही मिळत नाही, उलट कधी कधी त्यालाच पैसे द्यावे लागतात, हे काही त्यांना पटायचं नाही. म्हणून माझ्या एका प्रकल्पाचीच कहाणी सांगते.

आमचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. मे महिन्यात तव्यासारखा तापतो. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्यावर पाय कुठे ठेवावा कळत नाही, इतका गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. दगडातल्या खळग्यांमध्ये पावसाचं पाणी साठतं, काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी वीतभर. किती खोल पाण्यात कुठली वनस्पती येते आणि पाणी लवकर आटलं तर काय होतं, एवढाच माझा प्रश्न होता.

त्यासाठी मायनर रिसर्च प्रोजेक्टचा अर्ज केला. उद्दिष्टं, पूर्वसंशोधन, वेळापत्रक, खर्चाचा तपशील. तज्ज्ञ समितीपुढे सात मिनिटांचं सादरीकरण झालं. दोन वर्षांसाठी एक लाख साठ हजार रुपये मंजूर झाले आणि पहिला हप्ता नोव्हेंबरात जमा झाला. तोवर सडा करपून गेलेला. आमच्या लॅबचे मामा म्हणाले, “मॅडम, पैसे आले, पण फुलं गेली.” सरकारी पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं, सड्याचं वर्ष जूनला सुरू होऊन ऑक्टोबरला. पहिल्या हंगामाचा खर्च मी पदरचा केला. तो मंजुरीच्या आधीचा, म्हणून धरलाच गेला नाही. सड्यावर नेणारा रिक्षावाला पावती देत नाही आणि ऑडिटर पावतीशिवाय ऐकत नाही. शेवटी यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. त्याच्या ठरलेल्या नमुन्यावर सीएची सही घेताना जेवढी धावपळ झाली, तेवढी सगळ्या सर्वेक्षणात झाली नव्हती.

हिशोब मागू नये असं मी म्हणत नाही. पैसा जनतेचाच आहे आणि तोही थोडाच आहे: २०२०-२१ मध्ये आपण संशोधन-विकासावर देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचं त्याचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला मोठा वाटा उद्योग आणि देणगीदारांकडून येईल असं गृहीत धरलेलं आहे.

आता पावतीकडे येते. ती फाडायची वेळ माझ्यावर का आली? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढतीसाठी ‘एपीआय’ ही गुणपद्धत आणली. तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण. अनेकांनी मिळून लिहिला तर मुख्य लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक यांना मिळून ६० टक्के, बाकीच्यांना उरलेले ४०. हेतू चांगला होता: नुसतं वय वाढलं म्हणून बढती मिळू नये. पण गुण मोजणाऱ्या समितीत सड्यावरच्या वनस्पती जाणणारं कोणी असेलच असं नाही. गेंदाचं नाव बरोबर आहे का, हे ती बघू शकत नव्हती. आयएसएसएन क्रमांक छापलाय का, हे बघू शकत होती. आणि तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाचा फक्त ओळखक्रमांक. गाडीला नंबर प्लेट असते, तिच्यावरून चालवणाऱ्याला गाडी येते की नाही हे कळत नाही.

मोजणी आली तिथे दुकानं उघडली. माझी फाइल सादर करायला आठ दिवस उरले होते, १५ गुण कमी पडत होते. फसवलं कोणी नव्हतं. मी समजून-उमजून पैसे भरले.

अशा दुकानदारीला आळा घालायला आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. ३८ हजारांहून अधिक नावं! पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या आणि कुठल्याही मान्यवर सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावं वगळली गेली. मग २०१९ पासून ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता नियतकालिक कसं पारखायचं याचे निकष दिलेत. पारख संस्थांनी करायची.

ही पारख खरी कशी होते, ते मला २०१५ मध्ये कळलं. खळग्यांवरचा मुख्य निबंध मी एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी पाच आठवड्यांनी साभार परत केला. दुसऱ्याकडे पाठवला. चार महिने काही नाही. मग दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. नावं गुप्त. पहिल्याने चार ओळी लिहिल्या होत्या: विषय चांगला, इंग्रजी सुधारा. दुसऱ्याने अडीच पानं. गेंदाचं ते चुकीचं नाव मी इथेही लिहिलं होतं. ते त्याने पकडलं. आणि विचारलं होतं, “पाण्याची खोली मोजलीत, खालच्या मातीचा थर मोजलात का?”

नव्हता मोजला. रात्रभर राग आला. पुढच्या पावसाळ्यात लोकरीच्या सुईवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा करून मामांना घेऊन सड्यावर गेले आणि ६२ खळग्यांतली माती मोजली. बऱ्याच ठिकाणी वनस्पती पाण्याच्या खोलीपेक्षा मातीच्या थराकडे बघून ठरत होती. माझा निष्कर्षच बदलला. निबंध २०१७ मध्ये छापून आला. गुण मिळाले नेमके तेवढेच, जेवढे दीड दिवसात स्वीकारलेल्या यादीला मिळाले होते.

परीक्षण म्हणजे वेदवाक्य नव्हे. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये सुरू केलं, तरी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची शिस्त ‘नेचर’सारख्या साप्ताहिकातही १९७३ पासूनच पक्की झाली. परीक्षक आपला प्रयोग पुन्हा करून बघत नाही. कधी आळस करतो, कधी आकस धरतो. पण आपलं लिखाण समजणारा माणूस ते चूक काढायच्या हेतूने एकदा तरी वाचतो, याला दुसरा पर्याय मला माहीत नाही.

गंमत पुढे आहे. निबंध छापून आल्यावर माझ्याच विद्यार्थिनीला तो वाचायला मिळेना. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर एका निबंधाला दोन-अडीच हजार रुपये. संशोधन जनतेच्या पैशाने, लिहिलं मी फुकट, तपासलं त्या अनोळखी माणसाने फुकट, आणि वाचायला पुन्हा पैसे. दुसरा मार्ग म्हणजे लेखकाने शुल्क भरायचं, वाचकाला फुकट. ‘नेचर’ने २०२० मध्ये त्यासाठी साडेनऊ हजार युरो दर जाहीर केला, त्या वेळचे आठ लाखांहून अधिक रुपये. माझे पाच प्रकल्प त्यात झाले असते.

२०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये केंद्र सरकारने ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं देशातल्या सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली आहेत. तीन वर्षांचे सहा हजार कोटी. वाचण्याची सोय त्यामुळे बरीच झाली. तपासण्याची सोय मात्र कुठल्याच योजनेत नाही. निवृत्तीनंतर मी वर्षाला सात-आठ निबंध तपासते. एकाला दोन दिवस जातात. मानधन नाही, गुण नाहीत, माझं नावही कुठे येत नाही. कुणाची तरी अडीच पानं माझ्यावर उधार आहेत, म्हणून करते.

तालुक्याच्या पेपरात अधूनमधून फोटोसकट बातमी असते: अमुक प्राध्यापकांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध. तुमच्या ओळखीतले असतील तर अभिनंदन जरूर करा. पण सोबत एवढंच विचारा, “छापण्याआधी वाचलं कोणी, आणि तुम्हाला काय बदलायला लावलं?” काम खरं असेल तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.