एक गोळी, दोन सावजे

बंगळूरमधील जे. पी. नगरच्या दक्षिणेस बन्नेरघट्ट्याचे अरण्य आहे. बंगळूरचे सुविख्यात शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांच्या हयातीत तेथे परवाना काढून शिकार करण्याची मुभा होती, आणि पंचवीसेक किलोंचे नाजूक भेकर व खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल वागविणारा शंभर किलोंचा रानडुक्कर या दोहोंसाठी एकच काडतूस बाळगू इच्छिणाऱ्याची पंचाईत अशी की, पूर्ण धातुवेष्टित गोळी भेकराच्या देहातून न फुलता आरपार निघून जाते आणि घायाळ जनावर झुडपांत दिसेनासे होते, तर उघड्या शिशाची, पातळ वेष्टनाची गोळी डुकराच्या ढालीवरच फुटून विखुरते.

मध्यममार्ग म्हणजे मऊ टोकाची, पण बुडाशी जाड तांब्याच्या वेष्टनात शिसे घट्ट जखडलेली, वजनाने भारी व वेगाने मध्यम गोळी. तीच माझ्या मते ग्राह्य. अँडरसन यांच्या .४०५ विंचेस्टर बंदुकीची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९ ग्रॅमची गोळी भेकराला अंमळ जास्तच!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही निवड बहुतांशी संपुष्टात आणली. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठीही आता अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो.